बाटली आडवी करता येते, भूखंड का नाही?

महाराष्ट्रातल्या सामान्य मतदाराला एक गोष्ट थेट करता येते. आपल्या गावातलं किंवा प्रभागातलं दारूचं दुकान तो बंद पाडू शकतो. तिथल्या पंचवीस टक्के महिलांनी किंवा मतदारांनी लेखी मागणी करायची, सह्यांची पडताळणी व्हायची, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त मतदारांनी आडवी बाटली निवडली की दुकानाला कुलूप. त्यासाठी नगरसेवकाचं पत्र लागत नाही आणि मंत्रालयात ओळखही लागत नाही. राज्यातल्या कितीतरी गावांत बायकांनी हे करून दाखवलं आहे.

आता समजा, त्याच प्रभागात एक मोकळा भूखंड आहे. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, संध्याकाळी म्हातारी माणसं कठड्यावर बसतात. एक दिवस त्याच्याभोवती पत्रे लागतात. भूखंड कुणाला तरी निविदेत गेलेला असतो. आता या मतदाराला काय करता येतं? माहिती अधिकारात अर्ज टाकता येतो. हरकतींची मुदत वेळेवर कळली असेल तर हरकत नोंदवता येते. खिसा भरलेला असेल तर उच्च न्यायालयात जाता येतं. मत मात्र देता येत नाही.

म्हणजे माझ्या राज्याचा कायदा माझ्यावर विश्वास ठेवतो, पण फक्त बाटलीपुरता. मैदान, तलाव, रस्ता, बाजार, शाळेची जागा यांतलं मला काही कळत नाही असं त्याने आधीच ठरवून टाकलं आहे. माझं भांडण या ठरवण्याशी आहे.

मी घणसोलीत भाड्याने राहतो आणि ऐरोलीत एका आयटी कंपनीत काम करतो. वय अठ्ठावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं. कायद्याची पदवी माझ्याकडे नाही. राज्यघटनेतला नगरपालिकांचा भाग मी लोकलमध्ये मोबाइलवर पीडीएफ उघडून वाचला. काही पानांचा तर आहे तो. तुम्हीही वाचू शकता, आणि वाचाच, कारण त्यात आपल्याला काय मिळायला हवं होतं ते लिहिलेलं आहे. त्यातलं काय मिळालं नाही, ते पाहायला खिडकीबाहेर बघितलं तरी पुरतं.

‘पाच वर्षं, त्याहून जास्त नाही’

७४वी घटनादुरुस्ती १९९२ साली संसदेत मंजूर झाली आणि १ जून १९९३पासून लागू झाली. तिने आलेलं कलम २४३-यू अगदी साधं आहे. नगरपालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, त्याहून जास्त नाही. ती संपण्याआधी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मधेच बरखास्त केली तर सहा महिन्यांत. पळवाट म्हणावी असं या वाक्यांत काही नाही. २००६ साली अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं होतं. मतदार याद्या तयार नाहीत, प्रभागांची फेररचना चालू आहे, असल्या सबबींवर मुदत ओलांडता येणार नाही, आणि राज्य सरकार सहकार्य करत नसेल तर निवडणूक आयोगाने कोर्टात यावं.

आता नवी मुंबईचं बघा. महापालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ला झाली. मुदत मे २०२०मध्ये संपली. तेव्हा कोविडची पहिली लाट होती, त्यामुळे निवडणूक पुढे गेली आणि कुणी शहाण्याने त्याला हरकत घेतली नाही. पण त्याच कोविडच्या काळात, जानेवारी २०२१मध्ये, राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींसाठी मतदान झालं. म्हणजे खेड्यातला माणूस मास्क लावून रांगेत उभा राहू शकत होता, पण वाशीतला नाही.

पुढे कारणं बदलत गेली. मार्च २०२१मध्ये ओबीसी आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी कसोटी सांगितली. मार्च २०२२मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग रचनेचे अधिकार निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले. मे २०२२मध्ये न्यायालयाने निवडणुका जाहीर करायला सांगितलं, ऑगस्टमध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला. मधल्या काळात राज्यातलं सरकार बदललं. २०२४ला लोकसभा झाली, विधानसभा झाली. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने पुन्हा एकदा बजावलं, नंतर मुदत वाढवून ३१ जानेवारी २०२६पर्यंत दिली, आणि अखेर १५ जानेवारी २०२६ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं.

हिशोब करा. पाच वर्षांहून जास्त मुदत नको असं घटना म्हणते, आणि सभागृह रिकामं राहिलं पाच वर्षं आठ महिने. एक अख्खी मुदत आम्ही नगरसेवकांशिवाय काढली, वर आठ महिने बोनस. मुदत संपली तेव्हा मी बावीसचा होतो. शहरासाठी आयुष्यातलं पहिलं मत दिलं तेव्हा अठ्ठावीसचा.

ओबीसी आरक्षणाचा प्रश्न खोटा होता असं कुणी माझ्या तोंडी घालू नये. तो खराच होता आणि महत्त्वाचाही. पण तो सोडवायला लागणारी माहिती गोळा करणं हे सरकारचं काम होतं. सरकारने काम लांबवलं आणि किंमत मतदाराने मोजली. ज्यांच्या नावाने हा सगळा वेळ गेला, त्या ओबीसी समाजालाही या वर्षांत सभागृहात एक खुर्ची मिळाली नाही.

‘पण काही अडलं का?’

हा प्रश्न मला ऑफिसमध्ये दर वेळी ऐकू येतो. नळाला पाणी आलं, कचऱ्याची गाडी आली, रस्ते झाडले गेले. शहर २०२३च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरं आलं. उलट नगरसेवक नव्हते म्हणून टक्केवारीची कटकट वाचली. मग रडायचं कशाला?

याला माझं उत्तर आमच्याच धंद्यातलं आहे. आमच्या कंपनीत कितीही हुशार माणूस असला तरी त्याला स्वतःचा कोड स्वतःच तपासून मर्ज करता येत नाही. दुसऱ्या कुणाची तरी नजर त्यावरून जावीच लागते. तो चोर आहे असा संशय कुणी घेत नाही. पण आपली चूक आपल्याला दिसत नाही हे या धंद्यात सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. महापालिकेत प्रशासक राज म्हणजे काय? आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, मग प्रशासक म्हणून स्थायी समितीच्या खुर्चीत बसून तोच मंजूर करायचा, आणि सर्वसाधारण सभेच्या नावाने त्यावर पुन्हा सही करायची. सुमारे पाच हजार कोटींचा वार्षिक अर्थसंकल्प असलेल्या शहरात हे जवळपास सहा वर्षं चाललं. जो कारभार आम्ही चार स्क्रीनच्या अ‍ॅपसाठी चालू देणार नाही, तो अकरा लाखांवर लोकसंख्येच्या शहराला चालला.

त्यातले अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. कित्येक चांगले असतील. पण त्यांची बदली मंत्रालयातून येणाऱ्या कागदावर होते. ज्याच्या हातात बदली, त्याच्याकडे तोंड. माझ्या मताने त्यांचं काही बनत नाही आणि बिघडतही नाही, मग त्यांनी माझ्याकडे का बघावं?

आणि ‘काही अडलं का’ हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एक आठवावं. नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ला अस्तित्वात आली. तिच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर हरकतींसाठी आला तो थेट २०२२मध्ये. तीस वर्षांनी! पुढच्या पिढीची मैदानं, इस्पितळं, शाळा कुठे असतील हे ठरवणारा कागद. महापालिकेला सार्वजनिक कामांसाठी हवे असलेले भूखंड आणि ‘सिडको’ला विकायचे असलेले भूखंड, यावरून याच आराखड्यात ओढाताण चालू होती. शहराच्या इतिहासात सभागृहाची सगळ्यात जास्त गरज असलेली वेळ ती होती. आणि नेमकं तेव्हा सभागृह रिकामं होतं. अडलं नाही हे खरंच. अडवणारंच कुणी नव्हतं.

एका क्रियापदाची गोष्ट

मूळ राज्यघटनेत शहर जवळजवळ नाहीच. गावासाठी कलम ४० आहे, ग्रामपंचायती स्थापाव्यात असं राज्याला सांगणारं. शहराच्या वाट्याला सातव्या अनुसूचीतली राज्यसूचीची पाचवी नोंद आली, ‘स्थानिक शासन’. म्हणजे शहर ही राज्य सरकारची मालमत्ता. ७४व्या दुरुस्तीने हे बदलायचं होतं. तिने बारावी अनुसूची आणली आणि त्यात नगरपालिकांसाठी १८ विषय लिहिले. त्यातला पहिलाच विषय नगरनियोजन.

पण कलम २४३-डब्ल्यू नीट वाचा. विधिमंडळ हे अधिकार नगरपालिकेला ‘देऊ शकेल’. देईल नाही, दिलेच पाहिजेत नाही, देऊ शकेल. निवडणूक घ्यायचीच, मुदत पाचच वर्षं, हे सगळं सक्तीचं, आणि निवडून आलेल्यांनी करायचं काय, हे मात्र राज्याच्या मर्जीवर. तीन दशकं सगळ्या पक्षांच्या सरकारांनी ही मर्जी सांभाळून वापरली आहे.

नवी मुंबईत तर या मर्जीला नाव आणि पत्ता आहे. १७ मार्च १९७०ला स्थापन झालेली ‘सिडको’ ही राज्य सरकारच्या मालकीची कंपनी आहे. ९५ गावांची जमीन घेऊन हे शहर तिने वसवलं, आणि ते चांगलं वसवलं, हेही मान्य. पण कंपनीला मतदार नसतात. तिचे अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक सरकार नेमतं. उलवे, द्रोणागिरीसारख्या नोडमध्ये टॉवर उभे राहिले, तिथे महापालिकाच नाही. जिथे महापालिका आहे तिथेही मोकळ्या जमिनीची मोठी मालकीण सिडकोच. बारावी अनुसूची ज्याला नगरपालिकेचा पहिला विषय म्हणते, तो इथे एका कंपनीच्या संचालक मंडळाच्या अजेंड्यावर असतो.

दिल्ली महाराष्ट्राचे अधिकार खाते अशी ओरड आपले नेते दर अधिवेशनात करतात. जीएसटीचा वाटा वेळेवर येत नाही, प्रकल्प गुजरातला जातात, राज्याला विचारत नाहीत. यातली कित्येक गाऱ्हाणी रास्त आहेत. पण मुंबईत बसून हीच माणसं पनवेलशी, नाशिकशी, सोलापूरशी जे वागतात ते दिल्लीपेक्षा वेगळं कसं? स्वायत्तता मागताना राज्य, आणि द्यायची वेळ आली की जहागीरदार.

खारघरच्या लोकांनी ३० सप्टेंबरला काय गमावलं

पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ला झाली. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत खारघर ग्रामपंचायतीत होतं. सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स, वीस-वीस मजली इमारती, आणि कारभार ग्रामपंचायतीचा. तेव्हा यावर विनोद व्हायचे. पण त्या ‘गावातल्या’ प्रत्येक मतदाराकडे एक घटनात्मक गोष्ट होती. ती म्हणजे ग्रामसभा. कलम २४३-ए. गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा आपोआप सदस्य. वर्षातून किमान चार सभा. उठून सरपंचाला हिशोब विचारायचा हक्क.

१ ऑक्टोबरच्या सकाळी ही ग्रामसभा गेली. तिच्या जागी काय आलं? प्रशासक. पुढे मे २०१७मध्ये निवडणूक झाली, जुलै २०२२मध्ये मुदत संपली, आणि पुन्हा प्रशासक, जानेवारी २०२६पर्यंत. बढती मिळून खेड्याचा नागरिक शहराचा करदाता झाला. आजही खारघर दारूमुक्त ठेवण्यासाठी तिथली माणसं धडपडताहेत. हातातली ग्रामसभा गेल्यानंतर त्यांच्याकडे आंदोलन आणि निवेदन ही दोनच हत्यारं उरली, आणि ती आडवी बाटली.

शहर झालं की लोकशाही वाढायला हवी की आटायला? ठाण्यातली १४ गावं आठवा, दहिसर, पिंपरी, नागाव, उत्तरशिव वगैरे. ती एकदा नवी मुंबई महापालिकेत आली, लोकांच्या आंदोलनानंतर २००७मध्ये बाहेर पडली, आणि सोयीसुविधांसाठी २०२४मध्ये पुन्हा आत घेतली गेली. यावर आपल्याकडे ‘गावकऱ्यांना काय हवं तेच कळत नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. मला उलट वाटतं. त्यांना पाणी आणि रस्ता हवा होता, आणि आपल्या गावावरचा ताबाही हवा होता. आपल्या कायद्याने त्यांना दोन्हींतलं एकच निवडायला लावलं.

गोळी आणि मतपेटी

या शहराच्या आसपास दोन घटना घडल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून बघा.

जानेवारी १९८४. सिडकोसाठी घेतलेल्या जमिनीला रास्त मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलचा शेतकरी रस्त्यावर उतरला. १६ आणि १७ जानेवारीला जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, जी पुढे देशभर उदाहरण म्हणून सांगितली गेली. आपण राहतो ते सेक्टर त्या जमिनीवर आहेत. यंदा महापालिकेची मतमोजणी झाली तीही १६ जानेवारीला.

सप्टेंबर २००८. तिथून जवळच, पेण परिसरात, ‘महामुंबई सेझ’साठी रिलायन्स समूहाला जमीन हवी होती. प्रा. एन. डी. पाटील आणि अनेकांनी लढा उभारला. सरकारने शेवटी एक वेगळी गोष्ट केली. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबरला जनमत घेतलं. शेतकऱ्याने जायचं, जमीन द्यायची की नाही ते सांगायचं. मत देणाऱ्यांच्या प्रचंड बहुमताने ‘नाही’ म्हटलं. या मतदानाला कायद्याचं बंधन नव्हतं, पण त्या ‘नाही’चं वजन पडलं, आणि पुढे तो प्रकल्प बारगळला.

पहिल्या वेळी विचारलं नाही, म्हणून पाच माणसं गेली. दुसऱ्या वेळी विचारलं, तर कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. लोकांना विचारणं महागात पडतं असं म्हणणाऱ्यांनी या दोन तारखांचा खर्च मांडून दाखवावा.

२००८चा तो दिवस अपवाद म्हणून विसरला गेला, हे आपलं दुर्दैव. त्याचा कायदा व्हायला हवा होता. तो झाला नाही, म्हणून ‘तिसऱ्या मुंबई’साठी २०२४मध्ये उरण-पनवेल-पेणमधली १२४ गावं एमएमआरडीएच्या हाती जातात, तेव्हा तिथल्या माणसासमोर पुन्हा तेच. हरकतीचा अर्ज, मोर्चा, कोर्ट.

आणि हे काही अशक्य स्वप्न नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११मध्ये तिथल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेनेच द्यायचे हेही मान्य झालं. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी सर्वसहमतीने निर्णय घेतात. ओडिशात २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून बारा ग्रामसभांनी नियमगिरीच्या खाणीला नकार दिला आणि खाण झाली नाही. शे-सव्वाशे घरांच्या आदिवासी गावाला डोंगराचं भवितव्य ठरवता येतं, आणि आम्ही, रोज दुसऱ्या देशांतल्या बँकांचे व्यवहार चालवणारी, डिग्र्या घेतलेली माणसं, सेक्टरमधल्या एका मैदानाचं ठरवू शकत नाही?

‘लोकांना काय कळतं?’

याला विरोधही आहे, आणि त्यातला एक फार वजनदार आहे. डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत गावाबद्दल जे म्हटलं ते ज्ञात आहे. गावगाड्याच्या हाती सत्ता दिली की ती बहुसंख्यांच्या हाती जाते आणि गावकुसाबाहेरच्याला चिरडते, ही त्यांची भीती पुस्तकी नव्हती. आज शहरातही ती खरी आहे. सोसायट्या मुसलमानाला घर नाकारतात, एकट्या मुलीला भाड्याने देत नाहीत, मासे खाणाऱ्याला नाकं मुरडतात. ही माणसं उद्या सभेत बसली तर काय ठरवतील?

याचं उत्तर हक्क काढून घेणं हे नाही, कारण वरून नेमलेला प्रशासकही कुणाचं घर वाचवायला येत नाही. उत्तर कायद्यात कुंपण घालणं हे आहे. कुणी कुठे राहावं, काय खावं, कुठल्या देवाला नमस्कार करावा, पोटासाठी काय विकावं, हे कुठल्याही सभेच्या हाती असता कामा नये. ते मूलभूत हक्क आहेत. सभेच्या हाती असायला हवी ती सामायिक मालमत्ता. मैदान, खाडीकिनारा, पाणथळ जागा, रस्ता, आरक्षण बदल, भूखंडाची विक्री. आणि सभा मतदारांची हवी, घरमालकांची नको. हा फरक फार मोठा आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत माझ्यासारख्या भाडेकरूला बसायलाही जागा नसते. मतदार यादीत मात्र मी आणि माझा घरमालक, झोपडीतली मोलकरीण आणि कोळीवाड्यातला नाखवा, सगळे एकेका ओळीचे.

दुसरा आक्षेप, लोक येणारच नाहीत. नाही येणार, जोवर सभेच्या निर्णयाने काही होत नाही. निव्वळ भाषण ऐकायला रविवार कोण घालवेल? पुण्यात २००६पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवली जातात. केरळने १९९६मध्ये लोकयोजना मोहिमेत राज्याच्या योजना निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे दिला. पैसा आला तेव्हा माणसंही आली.

कायदा आहे, फक्त बंद आहे

आता सगळ्यात संतापजनक भाग. हा हक्क आपल्याला अर्धामुर्धा दिलेला आहेच.

केंद्राच्या ‘जेएनएनयूआरएम’ योजनेचा निधी हवा होता, म्हणून लोकसहभागाचा कायदा करण्याची अट राज्यांवर आली. महाराष्ट्राने २००९मध्ये महापालिका कायद्यात ‘क्षेत्रसभा’ घातली. प्रभागाचे छोटे भाग पाडायचे, त्या भागातल्या सगळ्या मतदारांची सभा भरवायची, कामांचा प्राधान्यक्रम आणि त्रुटी तिने सांगायच्या. शहराची ग्रामसभाच म्हणा, दात काढलेली. निधी आला, खर्च झाला, योजना संपली. क्षेत्रसभा कागदावर राहिली. मी एकही पाहिलेली नाही. तुम्ही पाहिली आहे?

त्याआधीपासून कलम २४३-एस आहे. तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरात प्रभाग समित्या हव्यातच. आपल्या कायद्यात या समितीवर नागरी संस्थांतले तीनपर्यंत सदस्य घेण्याची सोय आहे. तुमच्या प्रभाग समितीत ते कोण आहेत, किंवा होते, एक नाव सांगा.

उलट या वर्षांत नगरसेवक आणखी लांब गेला. २०१५ला नवी मुंबईत १११ प्रभाग होते, प्रत्येकाचा एक नगरसेवक. २०२६ला नगरसेवक १११च, पण प्रभाग २८. एका प्रभागात चार, एकात तीन. २०११च्या जनगणनेने धरलं तरी एका प्रभागात सरासरी चाळीस हजार माणसं. गटार तुंबलं तर चौघांतल्या कुणाला धरायचं? मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक चालतो, ठाणे खाडी ओलांडली की चार लागतात. का, ते कुणी सांगत नाही. सरकार बदललं की प्रभागाचा आकार बदलतो, एवढाच त्यातला नियम.

म्हणून माझी मागणी घटनादुरुस्तीपासून सुरू होत नाही. २४३-डब्ल्यूमधलं ‘देऊ शकेल’ बदलून ‘देईल’ करा, ही लढाई लांबची आहे आणि ती लढावीच लागेल. पण राज्याला उद्या सकाळी करता येईल असं बरंच आहे. २००९च्या तरतुदीप्रमाणे क्षेत्रं आखा आणि सभांच्या तारखा जाहीर करा. सार्वजनिक वापरातला भूखंड विकायचा किंवा आरक्षण बदलायचं, तर आधी त्या क्षेत्रसभेची संमती घ्या, मग तो भूखंड सिडकोचा असो, महापालिकेचा असो की एमएमआरडीएचा. संमती नसताना पुढे जायचं असेल तर कारण लेखी द्या, म्हणजे ते कोर्टात तरी तपासता येईल. आणि प्रशासकाच्या सहीने सहा महिन्यांनंतर एकही धोरणात्मक निर्णय वैध नाही, असं कायद्यात लिहा. मग बघा निवडणुका कशा वेळेवर होतात ते.

आपल्या वाट्याचंही काम आहे. घणसोली-कोपरखैरण्यात पीजीमध्ये आणि वन-आरकेमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्या हजारो जणांची नावं अजून सातारा, लातूर, जळगावच्या यादीत आहेत. निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर आठ नंबरचा फॉर्म भरून पत्ता बदलता येतो. ते केलं की क्षेत्रसभेचं सदस्यत्व आपोआप आलं. मग आपल्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच प्रश्न लेखी विचारा. आमची क्षेत्रसभा कधी आहे? त्यावर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर महिन्याने पुन्हा विचारा, आणि या वेळी शेजारच्या विंगमधल्या वीस जणांच्या सह्या घेऊन. बाटली आडवी करणाऱ्या बायकांनीही सुरुवात सह्यांपासूनच केली होती.